एकदिवसीय पिल्लांची तपासणी: वजनकाटा, गुणांकन की अन्नपिशवी?

सिन्नर, दिंडोरी, निफाडकडच्या शेडवर कोंबडीच्या पिल्लांची गाडी आली की तपासणीचे तीन मार्ग असतात: काट्यावर वजन करणे, पिल्लू हातात घेऊन गुण देणे आणि दुसऱ्या दिवशी अन्नपिशवी, म्हणजे मानेच्या बुडाशी खाद्य साठते ती पिशवी, चाचपणे. तिन्हींना वेळ नसेल तर आधी पिल्लू हातात घ्या. पिल्लाचे हॅचरीत, म्हणजे अंडी उबवणाऱ्या केंद्रात, काय बिघडले ते गाडी उभी असतानाच दाखवणारी हीच तपासणी आहे.

वजन सर्वांत सोपे आणि सर्वांत फसवे. पिल्लाचे वजन अंड्याच्या साधारण दोन तृतीयांश भरते. 60 ग्रॅमच्या अंड्यातून 40 ग्रॅमचे पिल्लू. त्यामुळे 36 ग्रॅमचे पिल्लू तरुण मादीच्या लहान अंड्यातले, पण ठणठणीत असू शकते. याउलट 44 ग्रॅमचे पिल्लू केवळ पोटात न जिरता राहिलेल्या अंड्याच्या बलकामुळे जड भरते. सरासरी नव्हे, पिल्लापिल्लांतला फरक पाहा, आणि त्यासाठी एकेक पिल्लू तोला. एकाच लॉटमध्ये 34 आणि 46 ग्रॅमची पिल्ले बरीच निघाली तर वेगवेगळ्या वयाच्या कळपांची अंडी एकत्र आली असण्याची शक्यता मोठी. अशी पिल्ले पहिल्या दिवसापासून वेगळ्या चिक गार्डमध्ये (पिल्लांभोवतीच्या गोल कुंपणात) ठेवा, नाहीतर मोठी पिल्ले लहानांना फीडरपाशी टिकू देत नाहीत.

गुणांकनाला पासगर पद्धत म्हणतात. गाडीच्या वरच्या, मधल्या, खालच्या थरांतून पाच खोकी निवडा आणि प्रत्येकातून 10 पिल्ले घ्या. प्रत्येकाला 10 गुण धरून पाच दोषांपैकी आढळेल त्याचा एकेक कापा. पिल्लू पाठीवर ठेवल्यावर दोन-तीन सेकंदांत उठले नाही, एक गुण गेला. हॉकचा (पायाच्या मधला) सांधा लाल किंवा सुजलेला, चोचीवर लाल ठिपका किंवा नाकपुड्या घाणेरड्या, पोट टणक आणि फुगलेले, बेंबी उघडी किंवा काळ्या खपलीची, याचेही तसेच. सरासरी 9 च्या वर असेल तर लॉट चांगला.

या पाचांत बेंबीला सर्वांत जास्त महत्त्व द्या. ती पूर्ण मिटलेली नसेल तर जंतू थेट बलकापर्यंत पोहोचतात आणि पहिल्या तीन-चार दिवसांत पिल्ले मरतात. औषधाने त्यातली थोडीच वाचतात. उघडी बेंबी आणि लाल हॉक एकत्र दिसले तर हॅचरीत उष्णता जास्त झाल्याचा संशय घ्या. उघडी बेंबी आणि मोठे, मऊ पोट असेल तर उबवणीत आर्द्रता जास्त राहिल्याचा.

एक खबरदारी. निफाडच्या थंडीत रात्री उतरवलेले पिल्लू गारठलेले असते, त्यामुळे निरोगी असूनही ते उठत नाही. आधी पाय आपल्या गालाला लावून पाहा. गार लागले तर अर्धा-एक तास ब्रूडरखाली (ऊब देणाऱ्या साधनाखाली) ठेवूनच गुण द्या. मालेगावच्या उन्हाळ्यात उलटी परिस्थिती: पिल्ले चोच उघडून धापा टाकत असतील तर त्यांना आधी हवा आणि पाणी द्या.

अन्नपिशवीची तपासणी हॅचरीची नव्हे, आपल्या शेडची परीक्षा घेते. खाद्य-पाणी दिल्यापासून 24 तासांनी मानेच्या बुडाशी बोटांनी हलकेच चाचपा. 100 पैकी 95 पिल्लांची पिशवी भरलेली हवी. लापशीसारखी मऊ लागली तर पिल्लाने खाल्ले आणि प्यायलेही. कडक लागली तर पाणी कमी पडले. नुसती पाण्याने डुचमळली तर खाद्य सापडलेले नाही. बऱ्याच पिशव्या रिकाम्या निघाल्या तर ब्रूडरखाली पिल्लाच्या पाठीच्या उंचीला 33 ते 35 अंश आहे का, कागदावर खाद्य पसरले होते का, पाणी किती लांब आहे, हे पाहा.

करारावर 5000 ब्रॉयलर घेणाऱ्याने गुणांकन करून त्याचा कागद चालकाच्या सहीसह ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी अन्नपिशवीही पाहून त्याची नोंद ठेवावी. पुढे मरतुकीवरून वाद झाला तर हे दोन्ही कागद कामाला येतात. 100-200 गावरान पिल्ले घेणाऱ्याने काटा सोडून द्यावा, प्रत्येक पिल्लू हातात घ्यावे आणि मरेक्स या विषाणूजन्य रोगाची लस टोचली आहे का ते विचारावे. ते कोणत्याच तपासणीत दिसत नाही.

तरीही पिल्ले मरू लागली तर दिवस मोजा. पहिल्या तीन दिवसांतल्या मेलेल्या पिल्लात दुर्गंधीयुक्त, हिरवट-तपकिरी बलक सापडला तर बेंबीचा संसर्ग समजा. चौथ्या-पाचव्या दिवशी मेलेल्याची अन्नपिशवी रिकामी आणि बलक संपलेला असेल तर उपासमार. खात्री पशुवैद्यकाकडून करून घ्या. ताजी मेलेली पिल्ले बर्फावर ठेवून न्या. डीप फ्रीजरमध्ये टाकली तर पेशींची रचना बिघडते आणि तपासणी अर्धवट राहते.