९ इंची ८, १२ इंची ५ की १५ इंची ३? बाल्कनीतल्या टोमॅटोचा हिशेब

गणपती उठले की मी टोमॅटोचं बी पेरते, आणि त्याच आठवड्यात शेजारपाजारचं कोणी ना कोणी विचारतंच: "लहान ग्रो बॅगा (माती भरून झाड लावायच्या पिशव्या) जास्त घेऊ की मोठ्या कमी?" या एका प्रश्नावर मी तीन हंगाम घालवलेत. डोंबिवलीतली आमची बाल्कनी ७ फूट बाय साडेतीन, तोंड दक्षिणेला. त्यातला ग्रिललगतचा ६ बाय २ फुटांचा पट्टाच काय तो खरा उन्हात, म्हणजे १२ चौरस फूट. पहिल्या वर्षी तिथे ९ इंची ८ ग्रो बॅगा मांडल्या, दुसऱ्या वर्षी १२ इंची ५, तिसऱ्या वर्षी १५ इंची ३. जागा तीच, वाण तोच.

सगळ्यात आधी इंच बाजूला ठेवा आणि लिटर मोजा. ९ बाय ९ ची (व्यास बाय उंची, इंचांत) बॅग वरचे दोन इंच सोडून भरली तर जेमतेम ७ लिटर माती बसते. १२ बाय १२ मध्ये साडेअठरा लिटर, १५ बाय १२ मध्ये २९. ९ वरून १२ वर जाताना डोळ्यांना फरक तीन इंचांचा दिसतो, पण मुळांना अडीचपट घर मिळतं. दुकानात बॅग हातात धरून हा अंदाज येत नाही, म्हणून बहुतेकजण पहिल्या वर्षी लहान बॅग घेतात. मीही घेतली.

आता लिटरवरून पीक किती येणार? जर्मनीतल्या युलिश इथल्या संशोधन केंद्राचे हेन्ड्रिक पूर्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली कुंडीच्या आकारावरचे ६५ अभ्यास एकत्र तपासले. कुंडी दुप्पट केली की झाडाचं वजन सरासरी ४३ टक्क्यांनी वाढतं, असं त्यातून निघालं. आकडा नीट पाहा. झाड वाढतं, पण दुप्पट होत नाही. हे सरासरीचं गणित माझ्या बॅगांना लावलं आणि ९ इंची बॅगेतलं एक झाड म्हणजे एक माप धरलं, तर ९ इंची आठांची मिळून ८ मापं होतात, १२ इंची पाचांचीही साधारण ८ आणि १५ इंची तिघांची ६. कागदावर मोठी बॅग हरते. लहान बॅगावाल्यांचा मुद्दा पोकळ नाही, हे मला इथेच मान्य करायचंय.

पण कागदावर ऊन नसतं. दोन फूट रुंदीच्या पट्ट्यात ८ झाडं लावली की डिसेंबरपर्यंत त्यांची पानं एकमेकांवर चढतात. मागच्या रांगेतली खालची पानं पिवळी पडतात आणि फुलं फक्त शेंड्याकडे राहतात. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोलकर त्यांच्या 'प्रयोग परिवार' या गटातल्या शेतकऱ्यांना हेच सांगत, की पीक हे पानांनी गोळा केलेल्या उन्हातून येतं, तेव्हा पान आणि ऊन यांचा हिशेब आधी मांडा. बाल्कनीत तर तो दुप्पट लागू होतो, कारण माती विकत आणता येते, ऊन नाही.

म्हणून मी आता झाडं मोजत नाही, उभ्या फांद्या मोजते. उंच वाढणाऱ्या टोमॅटोची प्रत्येक बगलफूट (पान आणि खोडाच्या बेचक्यातून फुटणारी फांदी) खुडून एकच खोड सुतळीवर चढवलं तर त्याला दीड चौरस फुटाच्या आसपास जागा पुरते. तेच झाड पहिल्या फुलांच्या घोसाखालची एक बगलफूट ठेवून दोन खोडांवर वाढवलं तर ते दोन झाडांची जागा घेतं. माझ्या १२ चौरस फुटांत ७–८ खोडं मावतात, त्याहून एकही जास्त नाही. ती ८ बॅगांतून एकेक आणा, ५ बॅगांतून दीड-दीड आणा (म्हणजे तिघांना दोन, दोघांना एक) किंवा ३ बॅगांतून अडीच-अडीच. वरून पाहिलं तर हिरवळ सारखीच. लहान बॅगांचा फायदा एवढाच की खोड एकच असल्याने पहिला तोडा लवकर मिळतो. मला साधारण दोन आठवडे आधी मिळाला. मोठी झाडं उशिरा सुरू होतात पण मार्चपर्यंत दम धरतात. ८ बॅगांतली झाडं जानेवारीअखेर थकली होती. उपटून पाहिलं तर माती दिसतच नव्हती, मुळांचा सुतळीच्या गुंड्यासारखा घट्ट वेटोळा होऊन बॅगेचाच आकार घेतलेला. कापडी बॅग असती तर मुळांची टोकं कडेला हवा लागून सुकली असती आणि आतून नवी फुटली असती, वेटोळं कमी झालं असतं. पण कापडी बॅग वाळतेही लवकर.

आणि खरा निकाल लागतो तो पाण्यावर.

पहिल्या वर्षीच्या जानेवारीतली गोष्ट. मी सकाळी साडेसातला घर सोडते, परत यायला संध्याकाळचे आठ होतात, त्यामुळे दुपारी झाडांचं काय होतं ते मला माहीतच नव्हतं. एका सुट्टीच्या दिवशी तीन वाजता बाल्कनीत गेले तर आठही झाडं मान टाकून उभी. पानं ओल्या फडक्यासारखी लोंबत होती. बॅग उचलली तर उशीएवढी हलकी. सकाळी भरपूर पाणी घातलेलं होतं. पण कोकोपीट-शेणखत-मातीच्या मिश्रणातून झाडाला उचलता येईल असं पाणी साधारण पाव हिस्साच असतं, म्हणजे ७ लिटरच्या बॅगेत पावणेदोन लिटर. फळावर आलेलं झाड उन्हाच्या दिवशी तेवढं दुपारपर्यंत पिऊन टाकतं. साडेअठरा लिटरच्या बॅगेत हाच साठा साडेचार लिटर होतो, २९ लिटरमध्ये सात.

संध्याकाळी पाणी दिलं की झाडं पुन्हा ताठ होतात, म्हणून वाटतं की काही बिघडलं नाही. बिघडलेलं फळात दिसतं. टोमॅटोच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग पडतो आणि अर्धं फळ टाकून द्यावं लागतं. हा रोग नाही, फवारणीने जात नाही. कॅल्शियम पाण्याबरोबरच झाडात चढतं, पाणी तुटलं की वाढत्या फळाच्या टोकाला ते पोचत नाही. मातीत कॅल्शियम असूनही असं होतं. अंड्याची टरफलं मातीत खोचून त्या हंगामात काही उपयोग होत नाही, ती कुजायलाच महिने लागतात. पहिल्या वर्षी माझी जवळपास एक तृतीयांश फळं अशी गेली. १२ इंचीत मोजकी, १५ इंचीत एकही नाही. कागदावरची ८ मापं आणि ६ मापं यांतला फरक असा कचऱ्याच्या डब्यात गेला.

लहान बॅगांच्या बाजूने आणखी एक वजनदार गोष्ट आहे, ती म्हणजे जोखीम. पांढरी माशी आली आणि एका झाडाची पानं आक्रसून गोळा झाली, तर आठातलं एक जातं. तिघांतलं एक गेलं की हंगामाचा तिसरा हिस्सा गेला. तिसऱ्या वर्षी माझं नेमकं हेच झालं, नोव्हेंबरात एक झाड उपटावं लागलं आणि तो कोपरा महिनाभर रिकामा राहिला. तेव्हापासून मी दोन रोपं जास्तीची ४ इंची कुंडीत तयार ठेवते. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचं 'अर्का रक्षक' हे वाण पर्णगुच्छ विषाणू (पांढरी माशी पसरवते, पानं आक्रसतात तो), जिवाणूजन्य मर आणि करपा या तिघांना तोंड देतं. मोजकीच झाडं लावणार असाल तर असं वाण घेणं फार शहाणपणाचं.

वजनाचं थोडक्यात. कोकोपीट मिसळलेली १२ इंची बॅग पाणी पिऊन १५ किलोच्या आसपास भरते, १५ इंची २३–२४ किलो. नुसती लाल माती भरली तर दोन्ही दुप्पट. इमारतींवरच्या भाराच्या आयएस ८७५ या भारतीय मानकात घराच्या बाल्कनीसाठी दर चौरस मीटरला ३ किलोन्यूटन, म्हणजे साधारण ३०० किलो भार धरलेला आहे. त्यात तीन-पाच बॅगा सहज बसतात, पण तीस-चाळीस वर्षांच्या इमारतीच्या, सळ्या दिसायला लागलेल्या स्लॅबवर हा आकडा लावू नका. आणि बाहेर काढलेल्या ग्रिलच्या पिंजऱ्यात १५ इंची बॅग कधीच ठेवू नका, खाली माणसं चालतात. तिथे लहानच कुंडी, तीही बांधून.

मग घ्यायचं काय? दिवसभर घरी कोणी नसेल तर डोळे मिटून १५ इंची ३ घ्या, प्रत्येकात एकच रोप, वर पालापाचोळ्याचं दोन बोटं आच्छादन. घरी आई-सासूबाई असतील, दुपारी कोणी तांब्याभर पाणी घालू शकत असेल, तर १२ इंची ५ हा माझ्या मते सगळ्यात चांगला सौदा: कागदावरचं पीकही मिळतं, एखादं झाड गेलं तरी चार उरतात, आणि बॅग एकट्याने सरकवता येते. ९ इंचीत मोठ्या फळाचा टोमॅटो मी पुन्हा लावणार नाही. चेरी टोमॅटो लावाल तर चालेल, त्याच्या बुडाला सहसा डाग पडत नाही. एका मोठ्या बॅगेत दोन रोपं लावायचा मोह होतो, पण दोघं एकाच साठ्यातून पाणी ओढतात, तेव्हा बॅग मोठी घेतल्याचा फायदा तिथेच संपतो.

मिरचीला हा सगळा खल लागत नाही. १२ इंचीत एक, अशी तीन झाडं चौघांच्या घराला फोडणीपुरती पुरतात. ती १५ इंचीत लावून जागा वाया घालवू नका. वांग्याला मात्र १५ इंचच हवी. मांजरी वांग्याचं एक झाड नीट खाऊ घातलं तर लहान बॅगांतल्या तीन झाडांना भारी पडतं. मेथी-कोथिंबिरीला खोली नको, पसरट ट्रे हवा.

रोप थेट मोठ्या बॅगेत टाकायची घाई करू नका. चार पानांचं रोप २९ लिटर ओल्या मातीत ठेवलं तर मुळं पोचत नाहीत तिथली माती आंबट होते. कागदी कप, मग ४ इंची कुंडी, मग शेवटचं घर, असं तीन पायऱ्यांनी न्या.

आणि तुमची बाल्कनी दक्षिणेची असेल तर तारीख सांभाळा. आपल्याकडे मेच्या मध्यावर शून्य सावली दिवस (दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो तो) येऊन गेला की जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून उत्तरेला असतो, आणि बाल्कनीत थेट ऊन येतच नाही. ऑक्टोबर ते मार्च तोच सूर्य खाली उतरून आत फरशीपर्यंत येतो. टोमॅटो त्या सहा महिन्यांत बसवा. एप्रिलमध्ये मी झाडं काढते, माती चाळते, मुळं वेगळी करते आणि त्याच १५ इंची बॅगांत अळूचे कंद लावते. जूनच्या पहिल्या पावसात वडीची पानं हाताशी येतात.