नोकरीवरून वाद झाला तर नाशिकमध्ये फुकट मदत कुठे घ्यायची? फोन, कामगार कार्यालय, युनियन आणि विधी सेवा

माझ्या धाकट्या दिराला अंबडमधल्या एका कारखान्याच्या गेटवर सुपरवायझरने सांगितलं, "उद्यापासून येऊ नको." नोटीस नाही, चिठ्ठी नाही. ठेकेदाराकडे दीड महिन्याचा पगार अडकलेला. घरात सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता, फुकटात वकील कुठे मिळेल? तीन आठवडे आम्ही तोच शोधत राहिलो. मग कळलं, की कामावरून काढल्याचं प्रकरण बहुतेक वेळा आधी कामगार खात्याच्या समेट अधिकाऱ्यासमोर जातं, आणि त्या समेटाच्या बैठकीत वकिलाला कोणाचीच बाजू मांडता येत नाही. कायद्यातच तशी मनाई आहे. कामगार स्वतः बोलू शकतो किंवा युनियनचा पदाधिकारी त्याच्यासाठी बोलू शकतो.

हे आधी कोणी सांगितलं असतं तर आमचे तीन आठवडे वाचले असते. सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे किंवा दिंडोरीत काम करणारं घरात कोणी असेल आणि अशी वेळ आली असेल, तर त्यांच्यासाठी ही तुलना.

घरी बसून मिळणारी मदत

फोनवर दोन मुख्य रस्ते आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. १४४५४ हा टेली-लॉचा क्रमांक. इथे वकिलाशी बोलून सल्ला मिळतो, पैसे लागत नाहीत, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. फोनवर नीट बोलता येत नसेल तर गावातल्या सीएससी केंद्रात (जिथे सरकारी ऑनलाइन कामं होतात तिथे) जाऊन तिथून वकिलाशी जोडून घेता येतं. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या पाड्यांवरून कंपनीत येणाऱ्या पोरांना हे सोयीचं आहे, कारण नुसत्या सल्ल्यासाठी नाशिकला यायचं म्हणजे एक हजेरी बुडते. पण टेली-लॉचा वकील तुमच्या वतीने अर्ज लावत नाही, तारखेला उभा राहत नाही. सल्ला दिला की त्याचं काम संपतं.

१५१०० हा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा, म्हणजे नालसाचा क्रमांक. तिथून पुढचं दार उघडतं ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं, म्हणजे प्रत्यक्ष वकील नेमून मिळण्याचं. नालसाच्या संकेतस्थळावर अर्ज घरूनही भरता येतो. दुसऱ्या जिल्ह्यातली नोकरी गेली आणि माणूस आता नाशिकला परत आलाय, अशा वेळी हा ऑनलाइन अर्ज फारच कामाचा. चाकणच्या कंपनीविरुद्धची तक्रार बहुधा पुणे जिल्ह्यातच चालणार, पण निदान पहिल्या अर्जासाठी शिवनेरी पकडावी लागत नाही.

न्याय बंधू नावाची तिसरी सोयही आहे. मोबदला न घेता काम करायला तयार असलेल्या वकिलांशी ती गरजूंना जोडून देते. मी तिला पहिला पर्याय मानत नाही, कारण कामगार कायद्यात मुरलेला आणि नाशिकच्या न्यायालयात उभा राहणारा वकील हवा असेल तर तो जवळून शोधलेला बरा.

दोन्ही क्रमांकांबद्दल एक गोष्ट मनापासून सांगते. फोनवर बोलल्याने मुदत थांबत नाही. माझा दीर रोज कुठेतरी फोन करायचा आणि रात्री म्हणायचा, "वहिनी, काम चालू आहे." कागदावर मात्र काहीच चालू नव्हतं. मुदत थांबते ती योग्य ठिकाणी दिलेल्या, पोच मिळालेल्या अर्जाने.

मुदतींचा हिशोब

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत, त्यामुळे जुन्या ओळखीच्या माणसाने सांगितलेली मुदत आता चुकीची असू शकते. थकलेल्या पगाराचा दावा करायला तीन वर्षं मिळतात; जुन्या वेतन कायद्यात एकच वर्ष होतं. कामावरून काढल्याच्या वादात उलट झालंय. आधी तीन वर्षं होती, ती आता दोन झाली. समेट अधिकाऱ्याकडे अर्ज दिल्यावर ४५ दिवसांत तोडगा निघाला नाही तर कामगार थेट न्यायाधिकरणात जाऊ शकतो. नोकरी सुटली किंवा काढलं, तर राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा, असंही त्यातली वेतन संहिता सांगते. "फुल अँड फायनल पुढच्या महिन्यात बघू" म्हणणाऱ्याला हे वाक्य लेखी पाठवावं.

महाराष्ट्राचा स्वतःचा १९७१ चा अनुचित कामगार प्रथांचा कायदा आहे, त्यात तक्रारीला ९० दिवसच दिलेत. उशिराचं सबळ कारण दाखवलं तर न्यायालय तक्रार घेऊ शकतं, पण त्या भरवशावर राहू नये. कोणाकडेही पहिला सल्ला घेताना "माझं प्रकरण या ९० दिवसांत बसतं का?" हे आधी विचारा.

कामगार कार्यालय की युनियन?

कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात अर्ज द्यायला वकील लागत नाही. साध्या मराठीत लिहिलेला अर्ज चालतो: मी कोण, कोणत्या तारखेपासून कामाला, पगार किती, काय झालं, काय हवं. कंत्राटी कामगाराने ठेकेदाराबरोबर मूळ कंपनीचंही नाव घालायलाच हवं, कारण ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. तिथला समेट अधिकारी दोन्ही बाजूंना बोलावतो, समजूत घालायचा प्रयत्न करतो. तो तुमचा वकील नसतो, आणि तशी अपेक्षा ठेवली तर निराशा होते.

म्हणून तिथे युनियनची किंमत कळते. सीटू, आयटक, भारतीय मजदूर संघ या कामगार संघटनांचं काम नाशिकच्या औद्योगिक पट्ट्यात जुनं आहे. समेटाच्या टेबलावर कंपनीचा एचआर अधिकारी रोज असली प्रकरणं हाताळणारा असतो, आणि समोर आपला बावीस वर्षांचा पोरगा. त्याच्या बाजूला अशा शंभर बैठका पाहिलेला माणूस बसला तर बोलण्याचा सूरच बदलतो. सभासद वर्गणी भरावी लागते, म्हणजे काटेकोर अर्थाने हे फुकट नाही. शिवाय युनियन कधी एका माणसाच्या प्रश्नापेक्षा सगळ्या खात्याच्या प्रश्नाला आधी हात घालते, हेही समजून घ्यावं. तरीही समेटाच्या टप्प्यावर मी युनियनलाच पहिली पसंती देईन.

बँक, रेल्वे, नाशिकरोडच्या नोटा छापणाऱ्या प्रेससारख्या ठिकाणी नोकरी असेल तर मात्र राज्याच्या कामगार कार्यालयात रांग लावू नका. ती प्रकरणं केंद्राच्या कामगार आयुक्तांच्या यंत्रणेकडे जातात.

फुकट वकील खरा कधी लागतो

प्रकरण न्यायालयात गेलं की. तेव्हा सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जायचं, तालुक्याचा माणूस असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे. १९८७ च्या कायद्याचं कलम १२ लोकांना अर्धवटच माहीत असतं. "आपलं उत्पन्न जास्त आहे, आपल्याला नाही मिळणार" असं म्हणून किती जण परत फिरतात. महाराष्ट्रात उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ३ लाख रुपये आहे हे खरं, पण स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना ती मर्यादा लागूच नाही. कारखान्यातल्या कामगाराला नुसतं कामगार म्हणूनही वकील मिळू शकतो. उत्पन्नाच्या गटातून अर्ज करायचा असेल तर साधारणपणे स्वतःचं प्रतिज्ञापत्रही पुरतं. वकिलाच्या फीबरोबर कोर्ट फीचा भारही प्राधिकरण उचलतं. नेमलेल्या वकिलाने तुमच्याकडे पैसे मागायचे नसतात. मागितले तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा.

कोणता वकील मिळेल हा नशिबाचा भाग, असं म्हणतात. थोडं तसं आहेही. पण अर्जात "कामगार न्यायालयात काम करणारे वकील मिळावेत" असं एक वाक्य लिहिता येतं, आणि ते लिहावं. दुसरं असं, की कामगार न्यायालयात काही कार्यवाहींमध्ये वकील उभा करायला समोरच्याची संमती आणि न्यायालयाची परवानगी लागते. तो मुद्दा पहिल्या भेटीतच विचारून घ्या.

नाशिकमध्ये मविप्रचं (मराठा विद्या प्रसारक समाजाचं) आणि एनबीटी विधी महाविद्यालय आहे. कायद्याच्या महाविद्यालयांना विधी साहाय्य केंद्र चालवावं लागतं. अर्जाचा मसुदा, कागद लावून देणं, कुठे जायचं हे सांगणं यासाठी अशी केंद्रं चांगली. खटला चालवायला नाहीत.

वेगळ्या वाटेने जाणारी दोन प्रकरणं

पीएफ कापला पण भरला नाही, किंवा काढायला अडतोय, तर वकील शोधू नका. पीएफच्या तक्रार पोर्टलवर घरूनच तक्रार टाका. मार्गी लागलं नाही तर सातपूरच्या भविष्य निधी कार्यालयात जा. दर महिन्याच्या २७ तारखेला "निधी आपके निकट" शिबिर असतं, तिथे अधिकारी समोर भेटतो. इथे घरून केलेली तक्रार खरोखर काम करते, कारण हिशोब सगळा आकड्यांत आणि त्यांच्याच नोंदीत असतो.

दुसरं, बाईला कामावर होणारा लैंगिक त्रास. २०१३ च्या कायद्यात तक्रारीला तीन महिने आहेत आणि कारण पटलं तर आणखी तीन. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती असायलाच हवी. दहापेक्षा कमी असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलवरून घरूनही तक्रार करता येते. इथे मी वेगळा सल्ला देईन: समितीकडे जायच्या आधी विधी सेवा प्राधिकरणात एखाद्या वकील बाईंशी बसून तक्रार लिहून घ्या. उत्पन्न कितीही असो, स्त्री म्हणून ती मदत तुमच्या हक्काची आहे. पहिल्या तक्रारीत जे लिहिलं जातं त्यावरच पुढची चौकशी उभी राहते, आणि अशा गोष्टी फोनवर अनोळखी माणसाला सांगताना अर्ध्या राहून जातात.

दिराचं पुढे असं झालं. फोन थांबवले, कामगार कार्यालयात अर्ज दिला, पोच घेतली, युनियनचे एक काका सोबत आले. दुसऱ्या तारखेला ठेकेदाराने पगाराचा चेक दिला. कामावर परत घ्यायला मात्र ठेकेदार आणि कंपनी दोघंही तयार नाहीत, म्हणून आता विधी सेवा प्राधिकरणात वकिलासाठी अर्ज टाकलाय. त्याच्या पिशवीत बँकेचं स्टेटमेंट, पीएफ पासबुकची प्रत, ईएसआयसीचं कार्ड, गेटपासचा फोटो आणि सुपरवायझरचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज छापून ठेवलेत. ओळखपत्र कंपनीने गेटवरच काढून घेतलं होतं. नशीब, त्याच्या आईने कधीतरी कौतुकाने त्या ओळखपत्राचा फोटो काढून ठेवला होता.