पर्सियस डिजिटल लायब्ररी: शुभवर्तमानातले चमत्कार आणि त्या काळचं वैद्यक शेजारी ठेवून वाचताना

शुभवर्तमानातल्या रोगी बरे झाल्याच्या कथांवर चर्चा सुरू झाली की ती दोनपैकी एका वाटेने भरकटते. कुणी म्हणतं, त्या काळच्या लोकांना रोगांतलं काही कळतच नव्हतं. कुणी प्रत्येक रुग्णाला आजच्या पाठ्यपुस्तकातलं निदान लावून मोकळं होतं. दोन्ही टाळायचं तर त्या काळचे वैद्य आणि इतिहासकार स्वतः काय लिहून गेले ते वाचायला हवं. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाची पर्सियस ही साइट त्याची सोय फुकट करते. नावनोंदणी नाही, वर्गणी नाही. ग्रीकमधला नवा करार, यहुदी इतिहासकार जोसिफस, रोमन इतिहासकार टॅसिटस, निसर्गाचा कोश लिहिणारा रोमन प्लिनी आणि ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसच्या नावावरचे ग्रंथ एकाच ठिकाणी आहेत, आणि बहुतेकांना इंग्रजी अनुवादाची जोड आहे. ग्रीक-लॅटिन येत नसलं तरी चालतं. इंग्रजी मात्र लागतं.

सुरुवात मार्कच्या शुभवर्तमानातल्या ९:१४–२९ पासून करावी. मुलगा लहानपणापासून आजारी आहे, जमिनीवर कोसळतो, तोंडाला फेस येतो, दात खातो, ताठ होतो, विस्तवात नि पाण्यात पडतो आणि शेवटी मेल्यासारखा निपचित राहतो. हे एका खिडकीत ठेवा. दुसऱ्या खिडकीत हिप्पोक्रेटिसच्या संग्रहातला ‘पवित्र रोगा’वरचा निबंध उघडा, फ्रान्सिस ॲडम्सच्या अनुवादात. वाचा बसणं, फेस, घट्ट मिटलेले दात, फिरलेले डोळे, आखडलेले हात: लक्षणं जवळजवळ तीच. पण हा लेखक पहिल्याच वाक्यांत सांगतो की हा रोग इतर रोगांपेक्षा जास्त दैवी नाही. तो मेंदू आणि कफाकडे बोट दाखवतो. हा निबंध मार्कच्या सुमारे साडेचारशे वर्षं आधीचा आहे. म्हणजे शारीरिक कारण सांगणारे आणि भूतबाधा मानणारे एकाच जगात शतकानुशतकं सोबत नांदत होते. मार्क कोणती भाषा निवडतो आणि कशासाठी, हा खरा प्रश्न मग समोर येतो. ‘अज्ञानी लोक’ हे उत्तर इथेच बाद होतं.

दुसरी जोडी माझ्या मते या साइटवरची सर्वांत मोलाची. मार्क ८:२२–२६ मध्ये बेथसैदाच्या आंधळ्याच्या डोळ्यांना येशू थुंकी लावतो. आता टॅसिटसच्या ‘इतिहासा’चा चौथा भाग, परिच्छेद ८१ काढा. अलेक्झांड्रियात एक आंधळा नव्या रोमन सम्राटाच्या, व्हेस्पेशियनच्या, पायाशी येतो आणि सेरापिस देवाच्या सांगण्यावरून त्याची थुंकी डोळ्यांना मागतो. दुसरा एक हाताने अधू. व्हेस्पेशियन आधी कचरतो, मग वैद्यांचं मत मागवतो. वैद्य सांगतात की दृष्टी पूर्ण गेलेली नाही, अडथळा दूर झाला तर परत येईल. साधलं तर श्रेय सम्राटाचं, फसलं तर हसं त्या दोघा गरिबांचं, हेही टॅसिटस लिहून ठेवतो. त्यानंतर प्लिनीच्या ‘नॅचरल हिस्ट्री’चा २८ वा भाग वाचा: रोज सकाळी उपाशीपोटीची थुंकी डोळ्यांना लावली की डोळे येत नाहीत, अशी घरगुती समजूत तिथे नोंदलेली आहे. थुंकी हा तेव्हाच्या माणसाला ओळखीचा उपाय होता. तोच उपाय राजाच्या हातून झाला की राजसत्तेचा पुरावा ठरत होता आणि गालीलातल्या गुरूच्या हातून झाला की वेगळ्याच राज्याचा. मार्क लिहिला गेला तो काळही साधारण हाच, इ. स. ७० च्या आसपासचा.

इथे एक तांत्रिक खोच आहे. प्लिनीचा हा उतारा आजकालच्या लेखांत २८.३५ पासून पुढे असा दिलेला असतो, पण पर्सियसवरच्या बॉस्टॉक-रायली अनुवादात तो २८.७ आहे, कारण तिथे जुने प्रकरण-क्रमांक वापरलेत. जोसिफसच्या ‘यहुद्यांच्या प्राचीन इतिहासा’चंही तेच. एलाझार नावाच्या यहुद्याने व्हेस्पेशियनसमोर भूत काढलं, रुग्णाच्या नाकाशी मुळी बसवलेली अंगठी धरून, आणि भूत गेल्याची खूण म्हणून जवळ ठेवलेलं पाण्याचं भांडं उलथायला लावलं. तो प्रसंग लेखांत ८.४५–४९ म्हणून येतो; व्हिस्टनच्या अनुवादात ८.२.५ शोधावा लागतो. नुसता आकडा टाकून उतारा सापडला नाही तर साइटवर तो नाही असं समजू नका.

याहून घातक चूक नव्या करारात होते. पर्सियसवरचा ग्रीक पाठ वेस्टकॉट आणि हॉर्ट या अभ्यासकांनी संपादित केलेला आहे आणि इंग्रजी ‘वर्ल्ड इंग्लिश बायबल’चा. दोन्हींच्या मागच्या हस्तलिखित परंपरा वेगळ्या, त्यामुळे शेजारी ठेवलेले दोन स्तंभ काही ठिकाणी जुळत नाहीत. आणि ती ठिकाणं नेमकी वैद्यकाशी संबंधित आहेत! लूक ८:४३ घ्या. बारा वर्षं रक्तस्राव होणाऱ्या बाईने सगळी पुंजी वैद्यांवर खर्च केली, हे इंग्रजीत आहे, त्या ग्रीक पाठात नाही. योहान ५:४ मधला तळ्याचं पाणी हलवणारा देवदूतही तसाच: इंग्रजीत हजर, ग्रीकमध्ये गैरहजर, कारण सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ते वाक्यच नाही. ‘लूक स्वतः वैद्य म्हणून वैद्यांची बाजू राखतो’ असा मुद्दा मांडणाऱ्याने आधी कोणता पाठ पुढ्यात आहे ते पाहावं. पर्सियस याची सूचना कुठेच देत नाही. मला ही या साइटची मोठी उणीव वाटते.

लूकची भाषाच वैद्याची आहे, हा दावा मात्र इथे स्वतः तपासता येतो. पेत्राच्या सासूच्या आजाराला मार्क नुसता ताप म्हणतो, लूक ४:३८ मध्ये ‘मोठा ताप’. एकोणिसाव्या शतकात यावरून वैद्याचा हात ओळखला गेला. पण शब्दावर क्लिक करून कोश उघडा, मग तोच शब्द जोसिफस, प्लुटार्क यांच्याकडे शोधा. लूकचे बरेच ‘वैद्यकीय’ शब्द कोणत्याही सुशिक्षित ग्रीक लेखकाकडे सापडतात. हेन्री कॅडबरी या अमेरिकन अभ्यासकाने शंभर वर्षांपूर्वी हेच दाखवलं होतं. शोधताना ग्रीक शब्द रोमन अक्षरांतल्या बीटा कोडमध्ये टाइप करावा लागतो, आणि ‘सर्व रूपं’ हा पर्याय निवडला नाही तर निम्मे दाखले निसटतात. व्याकरणाची फोड यंत्राने केलेली असते. दोन शक्यता दिसल्या तर वरची बरोबरच असेल असं नाही.

कुष्ठरोगासाठी पर्सियस एकटी पुरत नाही. जुन्या करारातलं लेवीय १३–१४ आणि मिश्ना या यहुदी नियमसंग्रहातला नेगाईम हा भाग सेफारिया या साइटवर वाचावा, रोमन वैद्यक-लेखक सेल्सस इंग्रजीत लॅकसकर्टियस या साइटवर. तिन्ही साइट फुकट आहेत. लेवीयात याजक डाग पाहून रुग्णाला सात दिवस वेगळा ठेवतो, पुन्हा पाहतो, गरज पडली तर आणखी सात दिवस. आज आपण ज्याला कुष्ठरोग म्हणतो, ज्याचा जंतू १८७३ मध्ये हान्सेनने शोधला, तो रोग सात दिवसांत काही दाखवत नाही. लक्षणं उमटायलाच सरासरी पाच वर्षं जातात. लेवीयात बधिरतेचा उल्लेख नाही, आणि हाच डाग कापडावर नि घराच्या भिंतीवरही येतो. उलट सेल्सस ३.२५ मध्ये गाठी, काळवंडणारे चट्टे आणि हाडांपर्यंत जाणारा वेगळा रोग वर्णन करतो, आणि तो इटलीत जवळजवळ अपरिचित असल्याचं सांगतो. तरीही ‘तेव्हा खरा कुष्ठरोग नव्हताच’ असं म्हणू नये: जेरुसलेमच्या हकल्दमा भागातल्या पहिल्या शतकातल्या थडग्यातल्या सांगाड्यात त्या जंतूचा डीएनए मिळाल्याचं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. महाराष्ट्रात या रोगाच्या नावाने माणसं गावाबाहेर काढली गेली आहेत, म्हणून प्रवचनात लेवीय आणि हान्सेनचा रोग एक करणं मला गंभीर चूक वाटते.

ग्रीसमधल्या एपिडॉरस इथल्या, अस्क्लेपिओस या आरोग्यदेवाच्या मंदिरातले बरे झाल्याचे शिलालेख पर्सियसवर नाहीत. पीएचआय या ग्रीक शिलालेखांच्या ऑनलाइन संग्रहात ते फक्त ग्रीकमध्ये मिळतात. ग्रीक वैद्य गॅलनचंही पर्सियसवर थोडंच आहे.

वापरायला साइट जुनाट आहे. मोबाइलवर अक्षरं बारीक, पान मंद, कधी उघडतच नाही, संगणकच घ्या. इंग्रजी स्तंभ आपोआप येत नाही, उजवीकडच्या चौकटीत अनुवादाच्या नावापुढचं ‘लोड’ दाबावं लागतं. स्काइफ व्ह्यूअर ही तिची नवी आवृत्ती नुसत्या वाचनाला जास्त सुटसुटीत आहे. गटाने अभ्यास करत असाल तर चारपाच उतारे आदल्या दिवशी उतरवून घ्या, दोन्ही पद्धतींचे क्रमांक शेजारी लिहा आणि मराठी पवित्र शास्त्राची प्रत उघडी ठेवा. पाचपैकी चार गुण. पाठभेदाची सूचना असती तर पूर्ण पाच दिले असते.