द्राक्षबाग शिकण्यासाठी रील्स आणि शॉर्ट्स की तासाभराचे व्हिडिओ?

नाशिक जिल्ह्यातील निफाड, दिंडोरी, चांदवडच्या पट्ट्यात नव्याने द्राक्षबाग हाती घेणाऱ्या तरुणाचा पहिला मार्गदर्शक आता बहुधा मोबाइलच असतो. घरात जाणती माणसे असतात, परंतु वाण, औषधे आणि निर्यातीचे निकष इतके बदलले आहेत की वडिलांच्या अनुभवाला बाहेरची जोड द्यावीच लागते. रोज मिळणारा थोडासा मोकळा वेळ रील्स आणि शॉर्ट्सना द्यावा की तासाभराच्या सविस्तर व्हिडिओंना, असा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. मी दोन्ही मार्गांनी शिकलो आहे. ज्याची जमीन, वाण आणि पाण्याची सोय वेगळी आहे, त्याला माझा अनुभव जसाच्या तसा लागू पडेल असे मी म्हणणार नाही.

हाताची कामे शिकण्यासाठी छोट्या व्हिडिओला तोड नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. सबकेनसाठी, म्हणजे काडीवर उपकाडी तयार करण्यासाठी, शेंडा नेमका कुठे खुडायचा, फळांसाठी केलेल्या ऑक्टोबर छाटणीनंतर काडीवरच्या कोणत्या डोळ्यांना (कळ्यांना) ते फुटावेत म्हणून पेस्ट लावायची, विरळणी करताना घडाच्या कोणत्या पाकळ्या (बाजूचे छोटे झुपके) ठेवायच्या, हे अर्ध्या मिनिटात दिसते आणि व्हिडिओ आपोआप पुन्हा सुरू होत असल्याने हाताला वळण लागेपर्यंत पाहता येते. विरळणीच्या दिवसांत सुरगाणा, पेठ या भागांतून मजूर येतात. त्यांच्यातील नवख्या मुलींना मी एखादी चांगली रील दाखवतो, तेव्हा माझ्या तोंडी सूचनांपेक्षा ती लवकर समजते असा माझा अनुभव आहे. बांधावर उभे राहून तासाभराचा व्हिडिओ कोणी पाहत नाही.

तरीही माझ्यापुरता निर्णय एका त्रासाने सविस्तर व्हिडिओंच्या बाजूने केला. छोट्या व्हिडिओत छाटणीनंतरचा कितवा दिवस चालू आहे, हे बहुतेक वेळा सांगितलेलेच नसते. द्राक्षाचे सगळे गणित छाटणीच्या तारखेपासून मोजले जाते आणि एकाच शिवारात शेजारच्या दोन बागा निरनिराळ्या दिवसांवर असतात. एका उन्हाळ्यात मला लागोपाठ दोन शॉर्ट्स दिसले. एकात पाणी आणि नत्र वाढवा असे सांगितले होते, तर दुसऱ्यात दोन्ही कमी करा असे. सांगणारे दोघेही जाणते वाटत होते आणि माझ्या मते दोघेही बरोबर होते. एप्रिलच्या सुमारास होणाऱ्या खरड छाटणीनंतरच्या पहिल्या टप्प्यात फुटींची वाढ हवी असल्याने पाणी आणि नत्र लागते. पुढे साधारण ४० ते ६० दिवसांच्या काळात डोळ्यांमध्ये सूक्ष्म घडनिर्मिती होत असताना, म्हणजे पुढचे घड आतल्या आत घडत असताना, वेलीची शाकीय (पाने आणि फुटींची) वाढ आवरावी लागते, म्हणून पाण्याचा हात आखडता घ्यायचा असतो. पहिला सल्ला दुसऱ्या टप्प्यात पाळला तर काडी जोमदार दिसते, परंतु ऑक्टोबर छाटणीनंतर घड कमी निघण्याचा धोका राहतो, आणि तोपर्यंत काही करण्याची वेळ निघून गेलेली असते. ज्याला हे टप्पे आधीच ठाऊक आहेत तो दोन्ही शॉर्ट्स आपापल्या जागी ठेवू शकतो. शिकणाऱ्याला नेमके तेच ठाऊक नसते.

त्यात तारखेची अडचण मिसळते. पडद्यावर व्हिडिओ कोणत्या क्रमाने यावेत हे आपल्या हाती नसल्यामुळे ऐन एप्रिलमध्ये फळछाटणीचे, म्हणजे ऑक्टोबर छाटणीचे, व्हिडिओ समोर येतात, आणि एखादी रील उतरवून व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवली गेली की तिच्याखालचे वर्णन आणि प्रसिद्धीची तारीख गळून पडते. २०२० साली टिकटॉकवर बंदी आल्यानंतर रील्स आणि शॉर्ट्स आपल्याकडे पसरले. शॉर्ट्सची मर्यादा २०२४ मध्ये आणि रील्सची २०२५ मध्ये तीन मिनिटांवर गेली. वेळ वाढला म्हणून सांगणारा छाटणीची तारीख सांगू लागला, असे मला तरी दिसले नाही.

औषधांच्या बाबतीत ही उणीव अधिक गंभीर ठरते. वाढ रोखण्यासाठी आपल्याकडे वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या, म्हणजे सीसीसीच्या, उर्वरित अंशामुळे २०१० साली युरोपात भारतीय द्राक्षे नाकारली गेली आणि जिल्ह्यातील बागायतदारांना त्याची मोठी झळ बसली. ‘शेंडा थांबवायला हे मारा’ एवढेच सांगणाऱ्या व्हिडिओत हा इतिहास मावत नाही.

सविस्तर व्हिडिओ निर्दोष आहेत असे नाही. सुरुवातीची दहा मिनिटे स्वागतात आणि ओळखीत जातात, काही व्हिडिओंचा शेवट एखाद्या कंपनीच्या उत्पादनावर होतो, आणि दिवसभर बागेत राबल्यावर रात्री ते पाहताना डोळा लागतो. परंतु चांगला वक्ता बागेत उभा राहून आधी छाटणीची तारीख, वाण, खुंट (ज्या मुळांच्या रोपावर कलम केले ते) आणि जमीन सांगतो, पाणी का तोडायचे हे समजावतो, ढगाळ हवामान राहिले तर सूक्ष्म घडनिर्मितीवर काय परिणाम होतो तेही बोलतो. विषयवार वेळा दिलेल्या असतील तर हवा तो भाग पुन्हा काढता येतो. शेजारी वही ठेवून मी आपल्या बागेचा दिवस आणि त्यांच्या बागेचा दिवस असे दोन रकाने करतो. ही सवय मला छोट्या व्हिडिओंमुळे कधी लागली नसती.

म्हणून ज्याच्या घरात बाग जाणणारे माणूस रोज सोबत आहे, त्याने रील्सवर भर दिला तरी फारसे बिघडणार नाही, कारण दिवसांचा हिशेब ते माणूस सांभाळते. जो एकटा शिकत आहे, त्याने मात्र खरड छाटणीच्या आधीच आपल्यासारखी जमीन आणि वाण असलेल्या एखाद्या बागायतदाराची सविस्तर मालिका निवडून टप्प्याटप्प्याने पाहावी, आणि रील्स खुडणी, पेस्टिंग, विरळणी यांपुरत्या ठेवाव्यात, असे मी सुचवेन. छोट्या व्हिडिओत औषधाचे नाव आले, तर निर्यातीच्या बागेसाठी ते पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या अनेक्श्चर ५ या शिफारस केलेल्या औषधांच्या यादीत आहे का आणि काढणीपूर्वी किती दिवस थांबायचे आहे, हे पाहूनच ते दुकानातून आणावे.