क्रूक्सची काचेची भिंगरी: वस्तू झकास, कागद चुकीचा

‘क्रूक्स रेडिओमीटर’ म्हणून प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानांत आणि ऑनलाइन मिळतो तो हा काचेचा फुगा. आत सुईच्या टोकावर चार पाती, प्रत्येकाची एक बाजू काळी, दुसरी चंदेरी किंवा पांढरी. उन्हात ठेवला की पाती गरगर फिरतात. पाचपैकी चार गुण. एक कापला तो सोबतच्या कागदासाठी, कारण त्यावर बरेचदा ‘प्रकाशाच्या दाबाने फिरते’ असं छापलेलं असतं.

दिशा पाहिली तरी चूक कळते. प्रकाश परतवणाऱ्या बाजूवर शोषणाऱ्या बाजूच्या जवळपास दुप्पट दाब पडतो, म्हणजे चंदेरी बाजू मागे रेटली जायला हवी. प्रत्यक्षात मागे पळते काळी! शिवाय भर उन्हात चौरस मीटरभर काळ्या पत्र्यावर प्रकाशाचा रेटा असतो जेमतेम साडेतीन मायक्रोन्यूटन. नखाएवढ्या पात्याच्या वाट्याला त्यातलं काय येणार?

फिरवतो तो आत मुद्दाम ठेवलेला विरळ वायू, साधारण १ पास्कल दाबाचा. काळी बाजू जास्त तापते, कडेपाशी वायू थंड बाजूकडून गरम बाजूकडे सरकतो आणि पातं उलट ढकललं जातं. एवढ्या विरळ हवेत रेणू दोन धडकांमध्ये सरासरी ७ मिलिमीटर जातो, म्हणजे जवळपास पात्याएवढं अंतर. जोर मिळतो तो तेव्हाच. म्हणून हवा शिरली तरी भिंगरी बंद आणि पूर्ण निर्वात केलं तरी बंद. काजळीचा मायक्रोनभर कण मात्र इतका बारीक की नेहमीच्या हवेतही लेझरच्या झोतात असाच ढकलला जातो. याला फोटोफोरेसिस म्हणतात. पारदर्शक कणाची मागची बाजू जास्त तापली, तर तो चक्क प्रकाशाकडे येतो.

खोका उघडल्यावर पाती सुईवर आहेत का ते पाहा. घसरली असतील तर फुगा उलटा करून हळूच सरळ करा, बहुधा परत बसतात. मोकळी असूनही कडक उन्हात हलत नसतील तर काच गळतेय. ती दुरुस्त होत नाही, परत करा. कोरड्या फडक्याने काच घासू नका. स्थिर विजेने पाती अडकतात, मग ओलसर फडकं फिरवावं लागतं. एलईडीखाली ती सुस्त असते. जुना ६० वॅटचा तारेचा बल्ब वीतभर अंतरावर धरा.

आणि सावलीत निवलेला फुगा फ्रीजरमध्ये ठेवून मिनिटभराने दार किलकिलं करा. काळी बाजू आता लवकर निवते, त्यामुळे पाती उलटी फिरताना दिसतात.