शेगावचे भक्तनिवास: अवचित आलेल्यांची सोय

राहण्याच्या जागेची खरी परीक्षा प्रवास फिसकटलेला माणूसच घेऊ शकतो, असे मला वाटते आणि बुलढाणा जिल्ह्यातील शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानचे भक्तनिवास त्या परीक्षेस उतरते. मुसळधार पावसामुळे नागपूरकडे निघालेली आमची गाडी शेगावलाच थांबली, तेव्हा सोबत वृद्ध आई होती, दुसऱ्या दिवशी सकाळी नात्यातला साखरपुडा होता आणि मुक्कामाची कोणतीही तजवीज नव्हती.

येथे जो येईल त्याला क्रमाने खोली देण्याची पद्धत आहे. त्यामुळे महिनाभर आधी बेत आखलेले कुटुंब आणि आमच्यासारखे अचानक येऊन पडलेले प्रवासी एकाच रांगेत उभे राहतात व सेवेकरी दोघांनाही सारख्याच स्वरात ‘माऊली’ म्हणतात. ओळखपत्र दाखवून माफक शुल्कात मिळालेली खोली अगदी साधी होती, परंतु स्वच्छतागृह असे लख्ख होते की अनेक महागड्या हॉटेलांच्या व्यवस्थापकांनी येथे चार दिवस शिकायला यावे. महाप्रसादाची पंगतही शांत आणि शिस्तीची. वाढणाऱ्यांत ना घाई, ना उपकाराचा भाव.

२३ फेब्रुवारी १८७८ रोजी महाराज प्रथम दिसले ते उष्ट्या पत्रावळींवरील शिते वेचून खाताना, म्हणजे जेथे कोणी देव शोधायला जाणार नाही अशा ठिकाणी, ही कथा आमच्या घरी सर्वांना पाठ आहे. तरीही संकटात देव भेटतो असे म्हणताना आपण बहुधा संकट टळण्याचीच वाट पाहत असतो. आमचे टळले नाही; साखरपुडा चुकलाच. तो पाऊस देवाने आमच्या दर्शनासाठी पाडला, असेही मी म्हणणार नाही, कारण त्याच पावसात कोणाच्या तरी शेतातले सोयाबीन कुजले असेल. मात्र घरची कामे बाजूला ठेवून, ठरलेल्या पाळीला विनावेतन सेवेस आलेल्या एका माणसाने आईच्या हातातली पिशवी न सांगता उचलली आणि तिच्या चालीने तो जिना चढू लागला, तेव्हा कोण अडकून येणार हे ठाऊक नसतानाही ही सोय रोज तयार ठेवली जाते, हे लक्षात आले. देवाचे सान्निध्य मला जाणवले ते या तयारीत.

उणिवा नाहीत असे नाही. खोलीसाठी बराच वेळ थांबावे लागले आणि गर्दीत वृद्धांना बसण्याची सोय अपुरी वाटली. गुरुवारी, प्रकटदिनी किंवा रामनवमीला जाणाऱ्यांनी ही प्रतीक्षा गृहीत धरावी. राममंदिराखालील भुयारात असलेल्या समाधीच्या दर्शनासाठी पहाटेची वेळ अधिक सोयीची आहे.