'सफ्रेज': मताधिकार, मत की प्रार्थना?

अनुवाद करताना 'सफ्रेज' (suffrage) हा इंग्रजी शब्द दिसला की बहुतेकजण डोळे झाकून 'मताधिकार' लिहितात. विसाव्या शतकातल्या राजकीय मजकुरात ते चालून जातं. न्यूझीलंडच्या स्त्रियांना १८९३ साली मिळाला तो मताधिकारच, आणि १९०६ मध्ये 'डेली मेल' या ब्रिटिश वृत्तपत्राने ज्यांना 'सफ्रजेट' म्हटलं त्या बायकाही त्यासाठीच लढत होत्या. शब्दाआधी 'सार्वत्रिक' असेल तर मात्र कोणाचा, हे तपासा. फ्रान्सचा १८४८ चा सार्वत्रिक मताधिकार फक्त पुरुषांना होता.

रोमचा इतिहास असेल तर आधी 'मत' हा अर्थ लावून बघा. लॅटिन 'सुफ्रागियुम'मध्ये मत, मताचा हक्क आणि पाठिंबा असं सगळंच येतं. तिथे निवडणुकीत गुप्त मतदान आलं इ.स.पू. १३९ मध्ये. पुढे कायद्यांवरही मेणाच्या पाटीवर मत देऊ लागले: 'व्ही' म्हणजे 'तू मांडतोस तसं होऊ दे', 'ए' म्हणजे 'जुनंच राहू दे'. साम्राज्याच्या उत्तरकाळात याच शब्दाला वशिल्याचा, पदासाठी मोजलेल्या पैशाचा अर्थ चिकटला. सम्राट जस्टिनियनने ५३५ मध्ये बंदी घातली ती या व्यवहारावर. तिथे 'मतांवर बंदी' लिहिलंत तर वाचक भलतीकडेच जाईल.

खरी कसोटी धार्मिक मजकुरात लागते. इंग्रजीत प्रार्थनेचा अर्थ चौदाव्या शतकापासून आहे, मताच्या अर्थापेक्षा जुना. शब्द अनेकवचनी असेल आणि 'कुणासाठी' याचं उत्तर वाक्यात मिळत असेल, तर मताचा विचार सोडून द्या. पण इथेही दोन वाटा आहेत. इंग्लंडच्या चर्चच्या उपासनेत पाळक एक ओळ म्हणतो, दयेची विनवणी करतो; मंडळी पुढची ओळ म्हणते, तारण मागते. या जोड्यांना मी 'विनंती-प्रतिसाद' म्हणेन. कॅथलिक लेखनात मात्र १५६३ च्या ट्रेंट परिषदेचा संदर्भ धरा: शुद्धीसाठी थांबलेल्या आत्म्यांना जिवंतांच्या 'सफ्रेजेस'ची, विशेषतः मिस्साबलिदानाची (कॅथलिकांच्या मुख्य उपासनाविधीची), मदत होते. यात दानधर्मही येतो, म्हणून नुसतं 'प्रार्थना' अपुरं पडतं. 'मृतांसाठी आत्मिक साहाय्य' मला जास्त नेमकं वाटतं.

आणि इंग्लंडच्या चर्चमधला 'सफ्रगन बिशप' भेटला, तर सरळ 'साहाय्यक बिशप' लिहा.